दारात चेंगरलेला हात

मिस्येनं हात मागे केला की मी त्याच्या तळव्यावर एक शटल ठेवायचे. माझं काम तेवढंच होतं. समोर भिंतीला पाठ लावून मारी-लूर उभी होती. हातात रॅकेट नाही, दोन्ही हात पाठीमागे. तो शटल उडवायचा आणि जीव खाऊन तिच्या अंगावर मारायचा. शटल दिसायला पिसांचं, हलकंफुलकं. पण त्याच्या टोकाला बूच असतं आणि इतक्या जवळून मारलेलं बूच गोफणीतल्या दगडासारखं बसतं. तिच्या मांड्यांवर, दंडांवर, गळ्याखाली रुपयाएवढे लाल चट्टे उठले होते. एक शटल ओठावर बसलं तेव्हा रक्त हनुवटीपर्यंत आलं. तिनं ते पुसलं नाही, कारण हात पुढे आणायची परवानगी नव्हती.

‘डोळे मिटलेस,’ मिस्ये म्हणाला. ‘पुन्हा.’

मी पुढचं शटल दिलं.

परक्या देशातल्या एका मोठ्या स्टेडियमच्या सरावाच्या हॉलमध्ये हे चाललं होतं, आणि त्याच दिवशी दुपारी आमचा उपांत्य सामना होता. आदल्या लढतीत मारी-लूरच्या दोन सर्व्हिस नेटमध्ये गेल्या होत्या, त्याची ही शिक्षा. शेजारच्या कोर्टवर दुसऱ्या देशाच्या मुली सराव करत होत्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि मग पाठ वळवली. लोकांना वाटतं, असं काही लपूनछपून होतं. आमच्याकडे ते उजेडात व्हायचं.

आमचा देश म्हणजे समुद्रातलं एक बेट. माझे पणजोबा धोंडू रत्नागिरीकडून ऊस तोडायला म्हणून बोटीनं तिथे गेले. गोऱ्या कारकुनानं त्यांचं नाव लिहून घेतलं आणि तेच पुढे आमचं आडनाव झालं. मी उर्मिला धोंडू. घरात मराठी बोलायची, रस्त्यावर क्रिओल आणि शाळेत फ्रेंच. बॅडमिंटनमध्ये आमच्या देशाला कुणी विचारत नव्हतं. रिशार नावाच्या एका माणसानं तरुणपणी पहिलं पदक आणलं तेव्हा सरकारनं त्याच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. पुढे तोच राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. आम्ही त्याला ‘मिस्ये’ म्हणायचो, म्हणजे साहेब, आणि अहो-जाहो करायचो. आज लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते, पण तेवढं जमायलाही मला बरीच वर्षं लागली.

त्या वर्षी महिला संघात आम्ही चौघी होतो. कर्णधार स्टेला फॉन्ग. राजधानीत तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. ती आमच्यात सगळ्यांत मोठी आणि कमी बोलणारी. नसीम शिंप्याची मुलगी. सामन्याआधी कोपऱ्यात उभी राहून ओठांतल्या ओठांत दुआ म्हणायची, आणि हरली तर समोरच्या मुलीची माफी मागितल्यासारखं तोंड करायची. मारी-लूर दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमाराची मुलगी, विशीतली, नेटजवळ तर मांजरासारखी. आणि मी तिची दुहेरीतली जोडीदार. मागून स्मॅश मारणं हे माझं काम.

मिस्ये सगळ्यांनाच मारायचा. स्टेलाच्या कानाखाली वाजवताना मी पाहिलं होतं. मला रॅकेटच्या मुठीनं नडगीवर बसायचं. पण मारी-लूरवर त्याचा विशेष डोळा होता, कारण ती खरी गुणी होती, असं आम्ही एकमेकींना समजावत असू. घरी कुणी सांगत नसे. पदकं येत होती, वर्तमानपत्रात फोटो येत होते, आणि देशासाठी खेळणाऱ्या मुलीनं नडगी दुखते म्हणून रडायचं नसतं, एवढं आम्हालाही कळत होतं.

दुपारची लढत यजमान देशाशी होती. तो देश आमच्या कितीतरी पट मोठा. प्रेक्षक पायांनी लाकडी बाकं बडवत होते. स्टेला जिंकली, नसीम हरली, असं होत होत दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि शेवटची दुहेरी आमच्यावर आली. पहिला गेम आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात मधल्या विश्रांतीला आम्ही मागे होतो.

समोरच्या जोडीतली एक मुलगी चष्मा लावून खेळत होती. जाड काचा, मागे रबराचा पट्टा. मिस्येनं मारी-लूरच्या खांद्यात बोटं रुतवली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू आलं.

‘चष्म्यावर मार. ती जवळ आली की सरळ तोंडावर. काच फुटली तर फुटू दे. एकदा घाबरली की संपली.’

मारी-लूर पाणी पीत राहिली. मग तिनं मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हे मला तेव्हा कळलं नाही.

खेळ सुरू झाला तेव्हा कळलं. चष्मेवाली नेटजवळ येऊन उघडी पडली, शटल हातभर उंच लोंबत होतं, आणि मारी-लूरनं ते अलगद दुसऱ्या बाजूला, रिकाम्या कोपऱ्यात टाकलं. गुण आम्हाला मिळाला. पुढच्या वेळीही तसंच. मागे खुर्चीवरून मिस्ये ओरडत होता, ‘तोंडावर, तोंडावर.’ आमची भाषा तिथे कुणाला कळत नव्हती, म्हणून बरं. तो ओरडेल तसतशी ती जास्त हळुवार टाकायला लागली. मी आजवर कुणाला असं खेळताना पाहिलं नव्हतं. तिच्या फुटलेल्या ओठावरची खपली निघून पुन्हा रक्त येत होतं आणि ती हसत होती.

आम्ही जिंकलो. आमच्या बेटाचा महिला संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. चष्मेवाली नेटखालून आली आणि तिनं मारी-लूरला मिठी मारली. बाकं बडवणारे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मिस्ये खुर्चीतून उठला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही चौघीच होतो. नसीम मोठमोठ्यानं हसत होती; तिचं हसू तोवर मी कधी ऐकलंच नव्हतं. मारी-लूर बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. दार न वाजवता मिस्ये आत आला. तो कधीच वाजवत नसे. मारी-लूर कोर्टजवळ विसरलेली रॅकेट त्याच्या हातात होती.

‘मी तुला काय सांगितलं होतं?’

‘आपण जिंकलो, मिस्ये,’ ती म्हणाली.

रॅकेटची कड तिच्या पाठीवर बसली. तिच्या तोंडातून हवा निघाल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या फटक्याला रॅकेटचा गोल वाकला. ती उठायला गेली तेव्हा त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा. तिची भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

माराची आम्हाला सवय होती. पण आजवरचा मार चुकल्याबद्दल असायचा. हा जिंकल्याबद्दल होता.

मी त्याचा दंड धरला. मी विचार करून धरला असं नाही, हात गेला. त्यानं मागे न बघता कोपर मारलं आणि ते माझ्या तोंडावर बसलं. पुढच्या दाताचा तुकडा भातातल्या खड्यासारखा जिभेवर आला. मी भिंतीशी जाऊन पडले. स्टेला दाराकडे धावली. मला वाटलं, ती कुणाला तरी हाक मारणार. तिनं आतून कडी लावली.

‘मिस्ये, सोडा तिला,’ ती म्हणाली.

‘उद्याच्या विमानानं तू घरी जाशील.’

‘सोड तिला.’

आमच्या क्रिओलमध्येही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. ज्याचं टपाल तिकीट निघालं त्या माणसाला त्यानंतर कुणी ‘तू’ म्हटलं नसावं. तो तिच्याकडे वळला. त्याच्या उजव्या मुठीत अजून मारी-लूरचे केस होते. डाव्या हाताची बोटं त्यानं कपाटाच्या उघड्या चौकटीवर ठेवली होती, तोल सांभाळायला. कपाटाच्या दारामागे नसीम उभी होती. तिनं दोन्ही तळवे दारावर ठेवले आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

तो आवाज मी अजून सांगू शकत नाही. ओली फांदी मोडताना येतो, त्याच्या जवळपासचा. तिनं दार उघडलं आणि पुन्हा लोटलं.

मिस्ये गुडघ्यांवर आला. मग आम्ही त्याला मारलं. मी अजून बूट काढले नव्हते. मी त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. स्टेलानं वाकलेली रॅकेट उचलून त्याच्या पाठीवर, खांद्यांवर मारली, शांतपणे, कपडे आपटावेत तशी. त्यानं एकदा माझा पाय धरून मला खाली ओढलं, तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले आणि तुटका दात त्यात रुतला. मग त्याचा जोर संपला. मारी-लूर उठली. एक डोळा रक्तानं बंद झालेला. ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिनं उघड्या हातानं त्याच्या तोंडात मारायला सुरुवात केली. उजव्या हातानं, डाव्या हातानं. त्याचं डोकं इकडून तिकडे जात होतं. आधी तो शिव्या देत होता. मग ‘पुरे’ म्हणायला लागला. मग त्यानं तोंड झाकलं आणि तो रडायला लागला. ती त्याचे हात बाजूला करायची आणि मारायची.

मला किळस यायला हवी होती. ती नंतर आली, रात्रभर पुरली. पण तेव्हा मला बरं वाटत होतं. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं, तसं.

शेवटी स्टेलानं मारी-लूरला मागून कवेत धरलं आणि ओढून बाजूला नेलं. तिचे तळवे सुजून लाल झाले होते. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. बस आली होती. ‘आलोच,’ स्टेला नेहमीच्या आवाजात म्हणाली. मग ती मिस्येसमोर उकिडवी बसली.

‘तुमचा हात दारात चेंगरला,’ ती म्हणाली. ती पुन्हा ‘तुम्ही’वर आली होती. ‘मारी-लूर नळाशी घसरली. उर्मिलानं बाटलीचं झाकण दातानं उघडलं. उद्या तुम्ही खुर्चीत बसायचं, नाहीतर लोक विचारतील. आम्हाला हात लावायचा नाही. उद्याच नाही, कधीच नाही.’ थोडं थांबून ती म्हणाली, ‘दुसरं काही सांगायचं असेल तर तेही सांगा. चार पोरींनी मारलं म्हणून सांगा. का मारलं, ते आम्ही सांगू.’

तो आमच्या एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं रुमाल मागितला. नसीमनं तिचा दिला.

स्पर्धेच्या डॉक्टरनं मारी-लूरच्या भुवईला टाके घातले, त्याच्या बोटांना प्लास्टर केलं आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्ये खुर्चीत येऊन बसला. गाल सुजलेला, हात गळ्यात. समोरच्या संघाचा प्रशिक्षक येऊन हळहळला, तेव्हा त्यानं हसून दाराकडे बोट दाखवलं. आम्ही खेळत होतो आणि पाठीमागे शांतता होती. इतकी वर्षं त्याचं ओरडणं कानात घेऊन खेळल्यामुळे मला सुरुवातीला शटलचा अंदाजच येईना.

स्टेला हरली, नसीम हरली. मी आणि मारी-लूर कोर्टवर उतरलो ते लढत वाचवायला. दुसऱ्या गेमच्या मध्यंतरात नियमाप्रमाणे मिस्ये आमच्यापाशी आला. आम्ही दोघी त्याच्याकडे न बघता घाम पुसत होतो. तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘त्यांच्या डावखुरीचा खांदा गेलाय. तिला डोक्यावरून खेळवा.’

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी पहिलंच शटल उंच, डावखुरीच्या डोक्यावरून टाकलं. तिचा हात वर जाताना अडकला. पुढचे गुण आम्ही तसेच घेतले आणि तो सामना जिंकलो. तो खेळ जाणत होता, हे खोटं नव्हतं. मार न देता सांगितलेलं त्याचं ते एकच वाक्य मला आठवतं. पुढचा एकेरीचा सामना आम्ही हरलो आणि रौप्यपदक घेऊन परत निघालो.

विमानतळावर मंत्री आले होते. ढोल वाजत होते, शाळेच्या मुली फुलं टाकत होत्या, रेडिओवरून सगळं थेट बेटभर ऐकवलं जात होतं. आम्हा पाचजणांना एका रांगेत उभं केलं. मिस्ये मध्ये, त्याच्या एका बाजूला मारी-लूर, दुसऱ्या बाजूला मी. मंत्र्यांनी हार घातले. रेडिओवाल्यानं माइक मिस्येपुढे धरला आणि या यशाचं रहस्य विचारलं.

‘शिस्त,’ मिस्ये म्हणाला. त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. आपली माणसं, आपली भाषा, समोर मंत्री. ‘मुलींना प्रेम लागतं आणि थोडा धाक लागतो. माझ्या या मुली...’

मारी-लूरचा हार भुवईच्या पट्टीत अडकला होता. तो सोडवायला तिनं हात वर केला.

मिस्येनं प्लास्टरचा हात तोंडावर घेतला आणि तो खाली वाकला. त्याच्या तोंडातून लहान मुलासारखा आवाज निघाला, ‘नको, नको.’ माइक त्याच्यापुढेच होता. ढोलवाले थांबले. मारी-लूरचा हात तसाच वर होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग सावकाश हार सोडवला आणि नीट केला.

‘घाबरू नका, मिस्ये,’ ती माइकमध्ये म्हणाली. ‘हार अडकला होता.’

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली असावी. मंत्री सगळ्यांत मोठ्यानं हसले. मिस्ये सरळ उभा राहिला, पण पुढे त्याला बोलता येईना, आणि महिन्याभरात त्यानं प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. निरोप समारंभाला आमच्यापैकी कुणी गेलं नाही, आणि का गेलं नाही हे कुणी विचारलंही नाही.

विमानतळावरच्या त्या गर्दीत माझे वडील उभे होते. ते साखर कारखान्याचा ट्रक चालवायचे. त्या दिवशी मला न्यायला त्यांनी मामाची जुनी गाडी आणली होती. ते हसले नव्हते. नसीमचं गाव आमच्याच वाटेवर होतं, म्हणून तीही मागे बसली. उसाच्या शेतांमधून गाडी चालली होती. विमानतळावर आम्ही लोकांना दिलेली कारणं बाबांनी ऐकली होती. ते बोलायला लागले, मराठीत नाही तर क्रिओलमध्ये, म्हणजे नसीमलाही कळावं असं.

‘त्यांचा हात दारात. तिची भुवई नळावर. तुझा दात बाटलीवर. बरंच अवघड हॉटेल होतं म्हणायचं.’

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मग मी सगळं सांगितलं. शटलचं, भिंतीचं, खोलीचं. बाबा रस्त्याकडे बघत ऐकत होते. त्यांच्या मानेची शीर उडत होती.

‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं.

‘पहिल्यापासून.’

पुढच्या वळणानंतर त्यांनी विचारलं, ‘हात कुणी मोडला?’

ते मी सांगायचं नव्हतं. मागून बारीक आवाज आला.

‘मी, काका. दारात चेंगरला, ते खरंच आहे. दार मी लावलं.’

बाबांनी आरशात तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

नसीमच्या घराशी गाडी थांबली. बाबा कुणाला सोडायला गेले तर कधी उतरत नसत. बसल्या जागेवरून हात करायचे आणि निघायचे. त्या दिवशी ते उतरले. तिची बॅग त्यांनी उचलली, फाटक उघडलं आणि ओट्यापर्यंत नेली. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून तिचे वडील बाहेर आले.

‘तुमची मुलगी फार चांगली खेळली,’ बाबा म्हणाले.

नसीमचे वडील संकोचले. त्यांनी शेवटची लढत रेडिओवर ऐकली होती. ‘हरली ना पण ती?’

‘मला माहीत आहे,’ बाबा म्हणाले. मग त्यांनी बॅग खाली ठेवली आणि नसीमसमोर हात जोडले.